उलटी पावलं, साखळीचा आवाज आणि मातीची गाडी : आठवीच्या वर्गातलं ‘मृच्छकटिक’

आठवीचा वर्ग, चाळीसच्या आसपास मुलं आणि प्रत्येकाच्या वहीत चिकटवलेला, चारुदत्त-वसंतसेनेच्या प्रेमाची गोष्ट सांगणाऱ्या ‘मृच्छकटिक’ या संस्कृत नाटकाचा दीड पानी सारांश. वर्गाच्या मराठीच्या बाईंनी मला बोलावलं तेव्हा गाडी इथे अडली होती. सारांश मुलांना पाठ होता. ‘चारुदत्त गरीब पण उदार’, ‘वसंतसेना गुणी’, ‘शकार दुष्ट’ अशी लेबलं तोंडावर होती. पण वसंतसेना भलत्याच गाडीत कशी चढली, हे विचारल्यावर वर्ग गप्प. चारुदत्ताला मृत्युदंड नेमका कशावरून झाला, या प्रश्नाला एकानं उत्तर दिलं, ‘‘शकारानं खोटं सांगितलं म्हणून.’’ म्हणजे नववा अंक त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

‘कृतीतून शिक्षण’ वर्गात आधी झालेलं होतं. पुठ्ठ्याचे मुखवटे, उज्जयिनीचं चित्र, पात्रपरिचयाचे तक्ते, सगळं भिंतीवर लटकत होतं. काम देखणं होतं, मुलांनी मन लावून केलं होतं, आणि नाटकाशी त्याचा संबंध जेमतेम होता. शकाराचा मुखवटा रंगवताना शकाराबद्दल कुठलाच निर्णय घ्यावा लागत नाही. रंग संपला की उपक्रम संपतो.

बाईंशी बोलून एक कसोटी ठरवली. नाटकातल्या माणसाला जिथे काहीतरी पाहून, ऐकून अंदाज बांधावा लागतो, ती जागा मुलांच्या हातात द्यायची, आणि पात्राची फसगत होते तिथे मुलांचीही होऊ द्यायची. ‘मृच्छकटिक’साठी ही कसोटी चपखल आहे, कारण हे नाटक चालतंच मुळी खुणांवर. पावलं, दागिन्यांचं गाठोडं, भिंतीतलं भोक, पायातल्या साखळीचा आवाज, खांद्यावरचा सुवासिक शेला. कुणीतरी खूण पाहतं, तिचा अर्थ लावतं, आणि पुढचा अंक त्या अर्थावर उभा राहतो.

संहितेसाठी बाईंनीच सोप्या मराठीत प्रवेश बेतले होते. गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत मृच्छकटिक’ हाताशी होतं, पण त्याची भाषा आणि पदं हा स्वतंत्र प्रकल्प झाला असता. सुरुवातीला मुलांना एवढंच सांगितलं : नाटककाराचं नाव शूद्रक, काळाबद्दल विद्वानांचं एकमत नाही, आणि प्रस्तावनेत असं लिहिलंय की शूद्रक शंभर वर्षं आणि दहा दिवस जगून अग्नीत प्रवेश करता झाला. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, ‘‘मग हे त्यानं मेल्यावर लिहिलं का?’’ हा प्रश्न अभ्यासकांनाही पडलेला आहे. पहिल्याच तासाला तो वर्गातून आला, त्यामुळे मुलांनी नाटक शोधकामासारखं हातात घेतलं.

पावलं

दुसऱ्या अंकात संवाहक नावाचा, पूर्वी अंग रगडून देण्याचं काम करणारा माणूस जुगारात दहा सुवर्णमुद्रा हरतो. जुगारअड्ड्याचा मालक माथुर मागे लागतो. संवाहक उलट्या पावलांनी चालत एका ओसाड देवळात शिरतो आणि मूर्तीच्या जागी मूर्ती होऊन उभा राहतो.

हे वाचून दाखवलं नाही. व्हरांड्यात पाण्याची बादली ठेवली, सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि एका मुलाला ओल्या पायांनी उलटं चालत रिकाम्या वर्गात जायला सांगितलं. मग बाकीच्यांना बोलावून विचारलं : काय झालं असेल? जवळजवळ सगळे एका सुरात म्हणाले, कुणीतरी वर्गातून बाहेर आलं. बोटं बादलीकडे होती, टाचा दाराकडे. एक मुलगी मात्र गुडघ्यावर बसून फरशी बघत राहिली. ‘‘बाहेर आलं असेल तर पाय ओले कुठे झाले? बादलीजवळचा ठसा गच्च ओला आहे, दाराजवळचा जवळजवळ वाळलाय. म्हणजे तो बादलीपासून निघाला. आत गेला.’’ मग तिनं आणखी एक दाखवलं. टाचेपेक्षा बोटांचा भाग पसरट उमटला होता, कारण उलटं चालताना माणूस आधी चवडा टेकवतो आणि तोल सावरायला तो थोडा घासतो. यातलं दुसरं कारण मलाही नव्यानं कळलं.

त्यानंतर प्रवेश वाचला. माथुर पावलं पाहतो, ती उलटी आहेत हे ओळखतो, देवळात एरवी मूर्ती नाही हे त्याच्या लक्षात येतं आणि तो मनाशी जुळवतो : लबाड उलट्या पायांनी आत गेलाय. मग आत जाऊन ‘ही मूर्ती लाकडाची की दगडाची’ असा साळसूद वाद घालत तो आणि त्याचा साथीदार मूर्ती हलवून बघतात आणि तिच्यासमोरच फासे टाकायला बसतात. फाशांच्या आवाजानं मूर्तीला राहवत नाही. मुलांनी हा भाग पुन्हा पुन्हा केला. मूर्ती होणारं मूल किती वेळ न हलता उभं राहतं यावर पैजा लागल्या (जुगाराच्या प्रवेशात पैजा नकोत, असं बाईंचं म्हणणं पडलं, पैजा तरीही लागल्या).

माथुरनं खूण अचूक वाचली, ही गोष्ट फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवली आणि पुसू दिली नाही. तिचा उपयोग पुढे होणार होता.

भिंत

तिसऱ्या अंकातला शर्विलक हा चोर आठवीच्या मुलांना आवडणारच. तो चारुदत्ताचं घर फोडायला येतो आणि शास्त्र सांगत बसतो. भाजलेल्या विटांची भिंत असेल तर विटा ओढून काढाव्यात, कच्च्या विटांची असेल तर कापाव्यात, मातीच्या गोळ्यांची असेल तर पाणी मारावं, लाकडाची असेल तर फोडावी. भोकाचेही आकार ठरलेले : उमललेलं कमळ, सूर्य, चंद्रकोर, विहीर, स्वस्तिक, पूर्णकुंभ. भाजक्या विटांच्या या भिंतीत पूर्णकुंभ शोभेल असं तो ठरवतो. मोजायला दोरी आणायची विसरलेली असते, तेव्हा गळ्यातलं जानवं मोजपट्टी म्हणून वापरतो.

मुलांचे गट करून प्रत्येकाला कुंभारमाती दिली आणि वितभर उंचीची भिंत करायला सांगितली. एका गटानं माती नुसती वाळवली, एकानं ओले गोळे रचले, एकानं काड्यांची भिंत केली. एका गटासाठी विटांचे भाजके तुकडे आणले. मग शर्विलकाच्या चारही पद्धती चारही भिंतींवर करून पाहिल्या. वाळलेल्या मातीवर पाणी मारल्यावर भिंतीचा मधला भाग खचला आणि वरचा जागेवर राहिला. भाजक्या तुकड्यांवर पाण्यानं काही होईना, ते एकेक ओढूनच काढावे लागले. ‘‘हा माणूस खरंच चोर होता, लेखकानं उगाच नाही लिहिलं,’’ असा निर्वाळा एका मुलानं दिला. शूद्रकाला घरफोडीची एवढी माहिती कुठून, या चर्चेत अर्धा तास गेला आणि तो जाऊ दिला.

मोजायला मुद्दाम पट्टी दिली नाही, फक्त सुतळी दिली. आपल्या खांद्यांची रुंदी सुतळीनं घ्यायची आणि त्या मापाचा पूर्णकुंभ पुठ्ठ्यात कापायचा. बहुतेकांनी खांदे मोजले आणि डोकं विसरले, किंवा कुंभाचं तोंड एवढं अरुंद काढलं की आत शिरताच येईना. कापलेल्या पुठ्ठ्यातून एकेकानं जाऊन दाखवायचं होतं. अडकलेल्यांना शर्विलक पुढे काय करतो ते सांगितलं : स्वतः शिरण्याआधी तो एक पुतळा आत सरकवतो, कुणी जागं आहे का ते बघायला. हे ऐकल्यावर दोन गटांनी दप्तराला सदरा घालून पुतळा बनवला.

पालकांकडून एक चिठ्ठी याच आठवड्यात आली : मुलांना चोरी शिकवताय का? बाईंनी उत्तर छान दिलं. या अंकात दागिने चोराच्या हाती कसे लागतात हे घरी मुलाला विचारा, असं त्यांनी लिहिलं. वसंतसेनेनं ठेव म्हणून दिलेले दागिने जपायचे म्हणून चारुदत्ताचा मित्र मैत्रेय गाठोडं उशाशी घेऊन झोपतो आणि झोपेत बरळत ते स्वतःच चोराच्या हातात देतो. सकाळी चारुदत्त आधी भोकाची सुबकता न्याहाळतो, मग चोर रिकाम्या हातानं गेला नाही म्हणून बरं वाटून घेतो, आणि त्यानंतर त्याच्या लक्षात येतं की दागिने दुसऱ्याचे होते, लोक म्हणतील यानंच लाटले. नवऱ्याची अब्रू जपायला बायको धूता आपली रत्नमाला काढून देते. पालकांकडून पुन्हा चिठ्ठी आली नाही.

वस्तूंचा माग

या टप्प्यावर मुलं अंकांच्या क्रमात गोंधळायला लागली होती, म्हणून जमिनीवर खडूनं घरं आखली : चारुदत्ताचं घर, वसंतसेनेचा वाडा, रस्ता, देऊळ, पुष्पकरंडक उद्यान, न्यायालय. जुन्या संस्कृत रंगभूमीवर पडदे बदलून स्थळ बदलत नसत, नट मंचावर फेरी मारी आणि स्थळ बदललं असं मानलं जाई. मुलांना ही युक्ती एवढी सोयीची वाटली की नंतर त्यांनी कुठल्याच प्रवेशाला नेपथ्य मागितलं नाही.

प्रत्येक गटाला एकेक वस्तू दिली. तिला नाटकभर हातात घेऊन हिंडायचं. शेला घेतलेल्या गटाला सगळ्यात मजा आली. चारुदत्ताला भेट मिळालेला जाईच्या वासाचा शेला. अंधारात मोलकरीण समजून तो वसंतसेनेच्या हाती देतो, मुलाच्या अंगावर घाल म्हणतो. पुढे सुटलेल्या हत्तीपासून भिक्षूला वाचवणाऱ्या कर्णपूरकाला बक्षीस द्यायला चारुदत्ताकडे दुसरं काही नसतं, म्हणून तो शेलाच टाकतो, आणि तो शेला पुन्हा वसंतसेनेकडे पोचतो. हा मार्ग चालून दाखवल्यावर एका मुलीनं विचारलं, ‘‘म्हणजे त्यांची ओळख माणसांच्या आधी शेल्यानं करून दिली?’’ सारांशाच्या दीड पानांत शेल्याचा उल्लेख नव्हता.

दागिन्यांच्या गटाचा रस्ता सर्वांत गुंतागुंतीचा होता. ठेव म्हणून चारुदत्ताकडे, तिथून चोरीला, मग वसंतसेनेची दासी आणि शर्विलकाची प्रेयसी मदनिका हिला दास्यातून सोडवण्यासाठी शर्विलकाच्या हातून परत वसंतसेनेकडेच. सहाव्या अंकात वसंतसेना अंगावरचे दागिने उतरवते तिथून वेगळा प्रवास सुरू होतो आणि तो न्यायालयात संपतो. गटानं दोन रंगांचे खडू वापरले. पुढे न्यायालयाच्या तासाला हाच गट सर्वांत आधी अस्वस्थ झाला.

गाडी

मातीची गाडी प्रत्येकानं केली. एकच गाडी सोनेरी कागदाची केली आणि ती सगळ्यांच्या हातून फिरवून परत काढून घेतली, कारण नाटकात तसंच घडतं. शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी चारुदत्ताचा मुलगा रोहसेन खेळलेला असतो, ती परत गेलेली असते, आणि घरच्या मोलकरणीनं, रदनिकेनं, मातीची करून दिलेली असते. तो रडतोय.

प्रवेश छोटा आहे. रदनिका वसंतसेनेकडे बोट दाखवून म्हणते, ही तुझी आई. रोहसेन म्हणतो, खोटं. ही माझी आई असेल तर हिच्या अंगावर एवढे दागिने कसे? वसंतसेना एकेक दागिना उतरवते, गाडीत भरते आणि म्हणते, आता झाले ना तुझी आई? याची सोन्याची गाडी करून घे.

मुलांना सूचना एवढीच होती की कागदी दागिने खरोखर अंगावर घालायचे आणि न बोलता उतरवायचे. घाई करायची नाही. कानातलं काढायला वेळ लागतो, बांगडी हाताच्या घेराला अडते. पहिल्या जोडीनं पटापट काढले तेव्हा वर्ग हसत होता. दुसऱ्या जोडीतल्या मुलीनं बांगडी काढताना रोहसेन झालेल्या मुलाकडे पाहिलं आणि तो मुलगा आपोआप हात पुढे करून बांगडी ओढायला लागला. संहितेत हे नाही. नंतर त्याला विचारलं, तर म्हणाला, ‘‘ती अडली होती ना.’’ भावना व्यक्त करा असं सांगून हे आलं नसतं. घट्ट बांगडी होती म्हणून आलं.

एका मुलानं मात्र खऱ्या जड वस्तू भरून पाहिल्या आणि गाडीचं चाक मोडलं. सगळा वर्ग ‘‘नाटक इथेच संपलं!’’ म्हणून ओरडला.

याच अंकात गाड्यांची अदलाबदल होते, आणि सारांश वाचलेल्या मुलांना नेमकी हीच जागा कळली नव्हती. चारुदत्ताचा गाडीवान वर्धमानक गाडी घेऊन येतो, पण बैठकीची आंथरी विसरलेला असतो, ती आणायला परत जातो. तेवढ्यात शकाराची गाडी रस्त्यातल्या बैलगाड्यांच्या गर्दीमुळे त्याच दाराशी थांबते, तिचा गाडीवान दुसऱ्याचं अडकलेलं चाक काढायला उतरतो, आणि वसंतसेना तिच्यात चढते. वर्धमानक परततो. तुरुंगातून पळालेला आर्यक, जो शेवटी राजा होतो आणि ज्याच्या पायात अजून बेडीची साखळी आहे, मागून त्याच्या गाडीत शिरतो. वर्धमानकाला छुमछुम ऐकू येते. त्याला वाटतं पैंजण, वसंतसेना बसली, आणि तो बैल हाकतो.

चादर आडवी धरली. अलीकडे गाडीवान पाठ करून बसला. पलीकडे एकदा घुंगरू, एकदा कुलपाची बारीक साखळी. ओळखा. हातात धरून हलवली तेव्हा मुलांनी लगेच ओळखली. पायाला बांधून चढायला लावली तेव्हा गोंधळ उडाला, कारण चढताना साखळी थांबून थांबून वाजते, पैंजणासारखीच. शिवाय गाडीवान झालेल्याला आधीच सांगून ठेवलं होतं, ‘‘तू एका बाईची वाट बघतोयस.’’ ज्यांना हे सांगितलं होतं ते अधिक फसले. आपण काय ऐकतो हे आपण कशाची वाट पाहतोय त्यावर ठरतं, हे मुलांनी स्वतः काढलं आणि फळ्यावर माथुरच्या नावाखाली लिहिलं.

न्यायालय

वर्गाचे इथे दोन भाग केले. एका भागाला आठवा अंक शिकवला, दुसऱ्याला अजिबात नाही. पहिल्या गटाला माहीत होतं की उद्यानात शकारानं वसंतसेनेचा गळा दाबला, ती मेली असं समजून पाल्याखाली झाकून गेला, आणि पूर्वीचा संवाहक, आता बौद्ध भिक्षू, यानं तिला वाचवलं. दुसऱ्या गटाला फक्त एवढंच की शकार न्यायालयात आलाय आणि म्हणतोय, चारुदत्तानं दागिन्यांसाठी वसंतसेनेला मारलं.

आठव्या अंकाबद्दल आधी नियम केला होता : कुणीही कुणाच्या गळ्याला हात लावायचा नाही. गळा दाबणं खांद्यावरची ओढणी जमिनीवर टाकून दाखवायचं. एवढं पुरलं.

दुसरा गट न्यायाधीश, श्रेष्ठी (व्यापाऱ्यांचा प्रमुख) आणि कायस्थ (न्यायालयाचा लेखनिक) म्हणून बसला. त्यांच्यापुढे एकेक पुरावा ठेवला. वसंतसेनेची आई सांगते, मुलगी चारुदत्ताकडे गेली होती. खरं. नगररक्षक वीरक येतो, तो भलत्याच भांडणाची तक्रार घेऊन आलाय, पण बोलता बोलता सांगतो की चारुदत्ताच्या गाडीतून वसंतसेना उद्यानाकडे चालली होती, असं गाडीवान म्हणाला. गाडीवान तसं म्हणाला होता, हेही खरं. उद्यानात बाईचं प्रेत आहे का बघून या, म्हणून त्याला पाठवतात. प्रेत आहे, पण ते कोसळलेल्या झाडाखाली मेलेल्या दुसऱ्याच बाईचं. वीरक खोटं बोललेला नाही. मग मैत्रेय येतो, शकाराशी झटापट करतो आणि त्याच्या काखेतून गाठोडं खाली पडतं. वसंतसेनेचे दागिने, जे तो चारुदत्ताच्या सांगण्यावरून परत करायला निघाला होता.

गाठोडं खरोखर जमिनीवर आपटलं आणि कागदी बांगड्या घरंगळल्या. न्यायाधीश झालेल्या मुलानं मिनिटभरही घेतलं नाही. दोषी. दागिन्यांच्या गटातली दोन मुलं ‘थांबा, थांबा’ म्हणत होती, पण त्यांना दागिने तिथवर कसे आले ते ठाऊक होतं आणि बोलायची परवानगी नव्हती.

एकच जागा अशी होती जिथे खटला वळू शकला असता. शकार सुरुवातीला बोलता बोलता ‘मारलं, पण मी नाही’ असं बोलून जातो. कुणी त्याला विचारलेलंच नसतं. कायस्थ ते लिहितो आणि शकार पायानं पुसून टाकतो. आमच्या कायस्थ मुलीनं पाटीवर लिहिलं, शकारानं पुसलं, आणि ती उठून उभी राहिली. ‘‘पुसलं तरी मी वाचलंय. मला पुढचं लिहायचं नाही.’’ नाटकात असं होत नाही. प्रवेश थांबवला आणि गटालाच विचारलं : कायस्थाची आठवण पुरावा धरायची का? राजाच्या मेहुण्याविरुद्ध? (शकार हा राजा पालकाचा मेहुणा.) न्यायाधीश म्हणाला, ‘‘लिहिलेलं नाही ते नाही.’’ कायस्थ म्हणाली, ‘‘लिहिलेलं होतं.’’ हा वाद घंटा होऊनही चालला.

मग त्यांना नाटकातला न्यायाधीश काय करतो ते सांगितलं. त्याला शंका असते, चारुदत्त असं करील यावर त्याचा विश्वास बसत नाही, पण पुरावा पाहून त्याला दोषी धरतो आणि ब्राह्मणाला मृत्युदंड देता येत नाही म्हणून हद्दपारीची शिफारस करतो. निर्णय देणं न्यायाधीशाचं काम, बाकीचं राजाच्या हातात. राजा सुळाची शिक्षा देतो, तेच दागिने गळ्यात बांधून.

पुढच्या तासाला पहिल्या गटानं वसंतसेनेला दारातून आत आणलं. दुसरा गट चिडला. खरोखर चिडला. ‘‘ताई, तुम्ही आम्हाला फसवलंत.’’ मी म्हणाले, पुराव्यातलं खोटं काय होतं ते दाखवा. त्यांनी तासभर शोधलं. शकाराचा आरोप सोडला तर काहीच खोटं नव्हतं. आई खरी, वीरक खरा, प्रेत खरं, दागिने खरे. तेव्हा एकाचं लक्ष फळ्याच्या कोपऱ्याकडे गेलं. ‘‘जुगारअड्डेवाल्याला कळलं आणि न्यायाधीशाला नाही.’’ का, याची उत्तरं वेगवेगळी आली. माथुर स्वतः वाकून पावलं बघतो, न्यायाधीश इतरांनी पाहिलेलं ऐकतो. माथुरला लबाडीची सवय आहे. माथुरच्या डोक्यावर राजा नाही. मला तिसरं उत्तर सगळ्यात पटलं. बाईंना पहिलं.

न जमलेलं

पाचव्या अंकातलं वादळ जमलं नाही. पत्रा, डाळीचे डबे, शिट्ट्या यांनी पाऊस केला. आवाज भरपूर झाला, पण त्या अंकाचं खरं बळ पावसाच्या श्लोकांत आहे आणि ते श्लोक मुलांपर्यंत पोचले नाहीत. या अंकात पात्राला कसलाच अंदाज बांधायचा नसतो, त्यामुळे आमच्या कसोटीला तो लागू होत नव्हता. तो वाचून घ्यावा.

शकाराच्या बोलण्याचं दुसरं टोक झालं. मूळ संहितेत तो ‘स’च्या जागी ‘श’ म्हणतो. मुलांनी ते उचललं आणि वर्गात बोलताना अडखळणाऱ्या एका मुलाची तशीच नक्कल सुरू झाली. बाईंनी उच्चाराचा खेळ त्याच दिवशी बंद केला. त्याऐवजी शकाराची दुसरी खोड घेतली : तो पुराणातल्या गोष्टींची खिचडी करतो. रामाला घाबरलेल्या द्रौपदीसारखी पळतेस कुठे, हनुमानानं सुभद्रेला पळवलं तसं तुला पळवतो, असं काहीबाही. प्रत्येकानं स्वतःचं एक वाक्य करायचं. यासाठी आधी बरोबर गोष्ट माहीत असावी लागते, म्हणून मुलं ग्रंथालयात गेली. शकाराचं काम रोज वेगळ्या मुलाकडे दिलं, म्हणजे नाव कुणाला चिकटत नाही.

वसंतसेना गणिका आहे, हा विषय बाईंना टाळावासा वाटत होता. टाळला असता तर शकार तिच्यामागे एवढ्या हक्कानं का लागतो, चारुदत्ताला न्यायालयात तिचं नाव घ्यायला लाज का वाटते आणि दहाव्या अंकात नव्या राजाकडून तिला ‘वधू’ हा मान मिळतो त्याचं मोल काय, यातलं काहीच उलगडलं नसतं. मुलांना सांगितलं ते असं : ती कलावंत आहे, श्रीमंत आहे, आणि तिला पैशानं विकत घेता येतं असं गावातले लोक धरून चालतात. तिची इच्छा कुणी विचारत नाही, चारुदत्त विचारतो. एका मुलीनं लगेच मदनिकेची आठवण काढली : वसंतसेनेनंही मदनिकेला विकत घेतलेलं होतंच, पण ती तिला पैसे न घेता सोडते. तेरा वर्षांच्या मुलांना एवढं स्पष्टीकरण पुरतं. अधिक विचारणाऱ्याला अधिक सांगावं.

शेवटी लेखी काम दिलं ते पात्रपरिचयाचं नव्हतं. प्रत्येकानं एक वस्तू निवडून, ती खोटं बोलली नाही तरी तिच्यामुळे कुणाचा कसा गैरसमज झाला ते एका पानात लिहायचं होतं. बरेचजण साखळीवर लिहितील अशी अटकळ होती. सर्वाधिक पानं आली आंथरीवर, जी वर्धमानक विसरला होता. एकानं लिहिलं की गाडीवानाला आंथरी आठवली असती तर आर्यकाला गाडी मिळाली नसती, मग राजा बदलला नसता, आणि वसंतसेना जिवंत परत आली तरी राज्य त्याच शकाराच्या मेहुण्याचं असतं. या मुलाला सारांश पाठ नव्हता, असं बाईंनी नंतर सांगितलं.

हा प्रयोग दुसऱ्या वर्गात करायचा असेल तर पाचवी-सहावीच्या मुलांसाठी आठवा अंक कथन करून पुढे जावं, आणि दोन गटांचं गुपित राखायला दोन स्वतंत्र खोल्या आधी पक्क्या कराव्यात. एकाच खोलीत पडदा लावून ते होत नाही. मधल्या सुट्टीत फुटतं. कुंभारमाती किमान दोन दिवस आधी वाळायला ठेवावी लागते. पुठ्ठ्याच्या पूर्णकुंभातून जाताना कडा लागतात, त्यांना चिकटपट्टी लावून घ्यावी.